कटर मशीन आणि बेलभंडार

माज्या भावाला, चांगदेवला, डिंगोऱ्यात कुणालाबी विचारा. झाड पाडावं तर त्यानंच, असं म्हणतील. आन् गावात डोकं कुणाचं लवकर फिरतं असं विचारलं तरी त्याचंच नाव घेतील. मी कुशाबाई, त्याची पाठची बहीण. मला पेठला दिलीय. माहेरची निंदा करू नये म्हणतात. मी निंदा करत न्हाई, झालं ते सांगते. ज्याला वाईट वाटंल त्यानं कान झाकावं.

आमचा बाप लवकर गेला. आईनं, प्रयागबाईनं, मोळ्या विकून आमाला वाढवलं. दादा तिच्यासंगं रानात जायचा. झाडाच्या सालीला हात लावून, आतनं वाळलंय का ओलं हाय ते सांगायचा. मिसरूड फुटायच्या आधीच त्याच्या हातात कुऱ्हाड आली. त्याची एक रीत मात्र पहिल्यापास्नं. झाड तोडायच्या आधी बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायचा, हळद-कुंकू वाहायचा आन् म्हणायचा, "पोटासाठी करतोय बाबा, रागावू नको." वर घरटं असलं तर पिल्लं उडेपातूर थांबायचा. मालक बांधावर बोंबलत बसला तरी थांबायचा. एवढा धीर त्यानं माणसांशी धरला असता, तर मला आज तोंड उघडायची पाळीच आली नसती.

पुढं कुऱ्हाडी गेल्या, करवती गेल्या आन् कटर मशीन आलं. दादानं बारकं घेतलंच न्हाई. जुन्या चिंचेचा बुंधा एका दमात कापील असं, लांब पट्टीचं मोठं मशीन घेतलं. त्या पट्टीवरनं दातांची चेन गरागरा फिरती, तीच लाकूड कापती. उचलायला पैलवानच पायजे. त्या मशीनवर दोघांनी काम धरलं, दादानं आन् सुनीलनं. सुनील म्हंजी माजा नवरा. नाव घेते मी, आता कोण लाजत बसलंय?

काम असलं की सुनील डिंगोऱ्यालाच मुक्कामाला असायचा. कापायचं दादानं आन् बाकीचं सगळं सुनीलनं. ह्या मशीनच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. ते कमी पडलं की पिस्टन कोरडा घासतो, तापतो आन् जागेवर धरून बसतो. म्हणून ते मिसळायचं काम सुनीलचं. सावलीला बसून कानस घेऊन चेनच्या एकेका दाताला धार लावायचं कामबी त्याचंच. दादाचे कान मशीनच्या आवाजानं मंद झालेले. झाड कलायला लागलं की सुनील लांबनं टॉवेल फिरवायचा, मंग दादा बाजूला व्हायचा. दादाचा जीव त्या टॉवेलावर व्हता म्हणा ना.

जेवताना दोघांची थट्टा चालायची. दादा म्हणायचा, "दाजी, बायकोपरीस चेनला जास्त जपता राव तुमी." सुनील म्हणायचा, "बायको तुमच्या घरची हाय दादा, तिला आधीच धार हाय." मेल्यांनो, माज्याच हातच्या भाकरी खाऊन मलाच हसायचे! मी वरवर चिडायची. खरं सांगते, त्या हसण्यासाठी मी पेठहून दोन एसट्या बदलून डिंगोऱ्याला जायची.

मंग आई गेली. श्रावणात गेली. दादा लई खचला. दसरा आला तशी त्यानं हत्यारं पुजायला मांडली, आन् मशीनला काय करावं तर रेडियमवाल्याकडनं स्टिकर करून आणला. आमच्याकडं ट्रॅक्टर घ्या, पिकअप घ्या, नंबर यायच्या आधी आईचं नाव येतं. लाल पट्ट्यावर पिवळ्या अक्षरात 'प्रयागबाईची कृपा'. मशीनच्या डाव्या अंगाला, मशीन चालू करायला रस्सी ओढायची असते त्या झाकणावर, चांगला रुंद चिकटवला. कडा नखानं दाबून बसवल्या. डोळ्यांत पाणी व्हतं त्याच्या. माज्याबी व्हतं.

दसऱ्यानंतर मशीन तापायला लागलं.

वाळल्या बाभळीत पट्टी घातली की घटकाभरात जोर कमी व्हायचा, करपल्यासारखा वास यायचा आन् बंद. गार होईस्तवर रस्सी किती बी ओढा, लागायचं न्हाई. दादानं एकेक बघितलं. हवेचा फिल्टर झटकून साफ केला. प्लग नवा टाकला. सायलेन्सर खोलून काजळी खरवडली. चेन बोथट असंल म्हणून सुनीलनं परत कानस मारली, लई ताणलेली असंल म्हणून सैल केली. पट्टीला ऑइल पोचतंय का म्हणून चेन फिरवून कोऱ्या लाकडासमोर धरली, तर शिंतोडे बरोबर उडत व्हते. मोबाईलमधी एकजण हिंदीतनं सांगत व्हता त्यापरमाणं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. तरी मशीन आपलं तापतंच. मेकॅनिककडं न्यायला मात्र दादा तयार न्हाई. त्याच्या हत्याराला परका हात लागलेला त्याला खपत न्हाई.

सुनील म्हणाला, "दादा, ह्या झाकणाला फटी व्हत्या. मशीन तिथनं गार हवा आत घेतं. स्टिकर काढून बघू का जरा?" आन् त्यानं कडेला नख घातलं.

दादानं त्याचा हात झिडकारला. "आईच्या नावाला नख लावायचं न्हाई!"

"दादा, परत लावू की वरच्या अंगाला."

"न्हाई म्हणलं ना एकदा."

बास, तिथंच गाडं अडलं. सगळं बघून झालं, आईच्या नावाखाली कोण बघणार? मंग उरलं काय, तर पेट्रोलातलं ऑइल. आन् ऑइल कोण मिसळतंय, तर सुनील.

भाऊबीजेला मी डिंगोऱ्यात व्हते. दुसऱ्या दिवशी दोघं एका बांधावरची वाळलेली चिंच पाडायला गेले, मी भाकरी घेऊन गेले. जाऊन बघते तर चिंच निम्मी कापलेली, मशीन बंद, धूर निघतोय, मालक डोक्याला हात लावून उभा आन् चार माणसं गोळा. दादा सुनीलला म्हणतोय, "पावणं, खरं सांगा. ऑइल कुठं जातंय?"

पावणं! सोयरीक झाली तेव्हापास्नं त्यानं सुनीलला दाजीशिवाय हाक मारली न्हाई.

सुनील म्हणाला, "कुठं जाणार? पेट्रोलात जातंय."

"मंग मशीन का तापतंय? का बाहेर इकताय?"

मी म्हणलं, "दादा, जिभेला हाड हाय का तुज्या? कुणाला बोलतोस?" पण मी बोलले त्यानं आगीत तेलच पडलं. सगळ्यांदेखत बहिणीनं टोकलं म्हणल्यावर त्याला काय सुचंना. म्हणाला, "एवढं खरं असंल तर उचला बेलभंडार."

बेलाचं पान आन् भंडारा तळहातावर घ्यायचा आन् देवासमोर खरं बोलायचं. खोटं बोललं तर घराण्याला लागतं म्हणतात. बांधाच्या भांडणात भावकी उचलते, चोरीचा आळ आला तर उचलतात. पण घरच्या जावयाला, ज्याचे पाय धुवायचे त्याला, डब्यातल्या ऑइलपायी कुणी बेलभंडार उचलायला लावल्याचं मी आजपातूर ऐकलं नव्हतं.

मला वाटलं सुनील शिवी देऊन चालता व्हईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो गुमान भैरवनाथाच्या देवळात गेला. भुशानं भरलेले हात धुतले, बेलभंडार घेतला आन् म्हणाला, "ऑइलचा एक थेंब म्या कमी टाकला न्हाई की घरी नेला न्हाई." आवाज चढला न्हाई का पडला न्हाई.

आन् माजा भाऊ, माज्या आईच्या पोटचा, देवाच्या दारात उभा राहून काय म्हणाला? म्हणाला, "मंग मशीन का तापतंय?"

देवासमोर शपथ घेतली तीबी ह्याला पुरली न्हाई! सुनीलनं पान देवाच्या पायाशी ठेवलं, कानस ओट्यावर ठेवली आन् एसटी स्टँडची वाट धरली. मी भाकरीचं फडकं तिथंच टाकून त्याच्या मागं गेले. वहिनी वेशीपातूर आली, पदर तोंडाला लावून रडत. तिची काय चूक, बिचारीची.

पुढच्या पावसाळ्यात वादळानं भीमाशंकरच्या रस्त्याला एक मोठं झाड आडवं पडलं. गाड्या अडकल्या, दादाला बोलावणं आलं. बुंध्यात पट्टी घातली आन् अर्ध्यावर मशीननं कायमचं धरलं. आता इलाज नव्हता. मंचरला एका मेकॅनिककडं न्यावं लागलं. त्या माणसाला ना आमची आई ठाऊक ना सुनील. त्यानं मशीन फिरवून बघितलं आन् म्हणाला, "काका, हवा घ्यायच्या सगळ्या फटी बुजवल्यात की तुमी. हे गार कसं व्हावं?"

दादानं तिथंच बसून स्वतःच्या नखानं स्टिकर सोलला. खालच्या फटींत भुसा दाबून बसला व्हता. पिस्टन बदलला, मशीन लागलं. मेकॅनिकनं तिथलाच एक ओंडका कापून दाखवला. मशीन तापलं न्हाई. दादा घरी न जाता मशीन घेऊन तसाच पेठला आला, आमच्या दारात.

त्याचा अवतार बघून मला सगळं कळलं. राग तर एवढा आला व्हता की आत येऊ नको म्हणावं. पण भाऊ व्हता. तो ओट्यावर बसला आन् मलाच म्हणाला, "कुशे, आईच्या नावाला नख लागू दिलं न्हाई म्या. आईच्या जावयाला काय केलं गं मी?" आन् बायामाणसासारखा रडला.

सुनील आतनं आला. पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. दादानं पाय धरायला हात पुढं केले तर सुनील मागं सरकला, "असं करू नका, थोरले हायसा." मंग त्यानं पेट्रोलाचा डबा आणला, मापात ऑइल घेतलं आन् दादाच्या डोळ्यासमोर माप धरलं.

"बघा. नीट बघून घ्या."

दादा मान खाली घालून म्हणाला, "नको दाजी."

"न्हाई, बघा. मंग मी वततो."

दादानं बघितलं. बघावंच लागलं. सुनीलनं ऑइल वतलं, डबा हलवला, टाकी भरली, मशीन चालू करून दाखवलं, बंद केलं, फडक्यानं पुसलं आन् स्वतः उचलून रस्त्यापातूर नेऊन दिलं. परत कामाला येतो असं म्हणाला न्हाई, येत न्हाई असंबी म्हणाला न्हाई. चहा तसाच गार झाला.

आता दादा बारकी झाडं तेवढी घेतो. टॉवेल फिरवायला दुसरं कुणी घेतलं न्हाई त्यानं. वहिनी म्हणती, झाड कलायला लागलं की दाजी उभं राहायचे त्या बाजूला अजून बघतो.

आन् मी झालेय टपाल. दादा बोथट चेन पिशवीत घालून माज्याकडं देतो. सुनील ती मांडीवर घेऊन दातादाताला कानस मारतो, तेवढीच निगुतीनं. मी परत डिंगोऱ्याला नेते. दादा चेन हातात घ्यायच्या आधीच विचारतो, "दाजी काय म्हणले?" मी म्हणते, "काय न्हाई म्हणले." खोटं सांगायला मला जमत न्हाई.

ह्या खेपेला मी सुनीलला म्हणलं, "काय तरी सांगा हो. तो विचारतो, मला सांगवत न्हाई." त्यानं पिशवीची गाठ मारली. मारता मारता म्हणाला, "धार लई झालीय. हात जपून लावा म्हणावं."

मी दादाला तेवढंच सांगितलं. त्यानं मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. मंग चेन तशीच पिशवीत ठेवून तो गोठ्यामागं निघून गेला आन् मी निघेपातूर काय बाहेर आला न्हाई.