चष्मेवाल्याचा मुतखडा

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस. दुसऱ्यांच्या नजरेचे नंबर काढून पोट भरायचा. आपल्याला मात्र घरात कुणी नीट बघू नये म्हणून जपायचा.

पन्नाशीच्या आतच मधुमेहाने गाठलं आणि अंथरुणात अंग साथ देईना. एकदा, दोनदा, मग नेहमीच. बायकोने चकार शब्द काढला नाही. यानेच कंबर धरून ठोकून दिलं, "मुतखडा झालाय. रात्री फार कळा येतात."

झालं. याला त्रास नको म्हणून बायको आपली उशी उचलून लेकीच्या खोलीत झोपायला गेली. याच्या आईने खड्याचं खापर सुनेवर फोडलं. "हिचा हातच खारट," म्हणाली. तेव्हापासून सगळ्या घराला अळणी जेवण. सकाळी उठून बायकोने जवाचं पाणी उकळायचं, गाळायचं, याच्या हातात द्यायचं. आणि हा शहाणा ते गटागटा प्यायचा.

दवाखान्यात तो जायचा, हे खरं. पण तिथे खडा फोडत नसत. थंडगार जेल लावून यंत्राची मूठ फिरवत; ध्वनिलहरींनी लिंगात रक्त पुन्हा खेळू लागेल, अशी आशा. "खात्री देत नाही," असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. हा छताकडे बघत पडून राहायचा. गुण आला की उशी परत येईल, एवढंच मनात. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण भित्र्या नवऱ्याचं सगळं बायकोलाच निस्तरावं लागतं, याचा मला संताप येतो.

उपचाराच्या शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं, "फरक नाही ना? गोळ्या आहेत, दुसरे उपाय आहेत. पण आता बायकोला घेऊन या. तिला कळायला हवं."

याने मान डोलावली आणि घरी आला. बायको दारातच उभी होती.

"पडला का खडा?"

तिच्यामागे खोली दिसत होती. पलंगावर धुतलेली चादर, आणि दोन उश्या.

"आज शेवटचं होतं ना, म्हणून आणून ठेवली," ती म्हणाली आणि लाजली. लेक कॉलेजात जायला लागली तरी लाजली.

खरं सांगायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. त्याने कंबर धरली.

"तो पडला. पण दुसऱ्या बाजूलाही एक आहे म्हणे."

तिने उशी उचलून काखेत धरली. जाता जाता विचारलं, "मग जव अजून आणायला लागतील ना?"