प्लग माझ्या हातात होता

तमाम वाचकांना, मग ते आस्तिक असोत, नास्तिक असोत की मधल्यामधे लोंबकळणारे असोत, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की… यंत्र बंद असलं तरी आवाज येऊ शकतो. उठून उभं राहायची गरज नाही. बसूनच वाचा.

आता माझ्याविषयी. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव आणि भुतं एकाच टोपलीत भरून बाहेर काढली होती. आमच्याकडे लिंबू फक्त सरबतात पडतं. आणि ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी सरबताला पाणी नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तेर गावाच्या पुढं एस.टी.नं अर्ध्या तासावर एक गाव. तिथल्या सहकारी दूध संघात मी नुकताच चिकटलो होतो. पाऊस दडी मारून बसलेला, भादव्यातच विहिरींचे तळ दिसत होते. संघानं सभासदांना कडबा वाटायला घेतला आणि कुणाला कधी पाळी, याच्या याद्या काढायला चक्क कॉम्प्युटर आणला आणि त्यावर मला बसवलं! तालुक्यातून लोक बघायला येत. चपला बाहेर काढून आत यायचं, हात जोडायचे, पुढं व्हायचं.

त्याच्या येण्यानं एका माणसाची खुर्ची हलली. वामनअण्णा, संघाचे टायपिस्ट. तीस वर्षं मराठी टाइपरायटर बडवलेला माणूस. ओळ संपली की टिंग, मग पानाला चुना लावावा तशा सावकाशीनं तंबाखू मळायची, मग पुढची ओळ. ही लय साऱ्या संघाच्या कानात बसलेली. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि टाइपरायटर गेला गोदामात, पेंडीच्या पोत्यांखाली.

खरा घोटाळा खंडेनवमीला झाला. दरवर्षी ऑफिसातलं पहिलं हळदीकुंकू अण्णांच्या टाइपरायटरला लागायचं. त्या वर्षी अध्यक्षसाहेबांनी स्वतःच्या हातानं ते कॉम्प्युटरला लावलं. वर मूठभर अक्षता उधळल्या. अण्णा दारात उभे होते. गोदामाकडं एकदा बघितलं, बस्स.

आठवडाभरानं, दुपारी तीनच्या सुमारास, कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज आला. आधी खर्रर्र… मग टक टक टक टक… थांबा… टिंग!

रोज. त्याच वेळेला, याद्या काढायला मशीन चालू केली की.

पाणी देणाऱ्या शेवंतामावशी घागर ठेवून म्हणाल्या, "आगं बया! हे तर अण्णांचं टायपिंग!"

"मावशी, अण्णा बाहेर बसलेत. जिवंत आहेत."

"म्हणून तर भ्या वाटतंया. मेलेल्याचं समजून घेता येतं."

दोन दिवसांत गावभर झालं की अण्णांनी करणी केली. भुताच्या यादीवर आम्ही कडबा घेणार नाही, असं सभासद म्हणू लागले. अध्यक्षांनी अण्णांना बोलावलं. "अण्णा, सोमवारी दुपारी तीनला समितीसमोर मशीनवरून लिंबू उतरवा, चूक झाली म्हणा. नाहीतर राजीनामा द्या."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. पण ताठ. "जे म्या केलंच न्हाय त्याचा उतारा कशाला काढू? राजीनामा बी देत न्हाय. काढायचं तर काढा."

माझं डोकं सटकलं. "साहेब, सोमवारी मी सगळ्यांसमोर मशीन उघडतो. दोष सापडला तर अण्णांना हात लावायचा नाही."

"आणि न्हाय सापडला तर?"

"मग माझाही राजीनामा घ्या." काय करणार… वय तसं होतं.

सोलापूरला कंपनीच्या इंजिनीयरला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, "व्हायब्रेशन असेल." मी म्हटलं, "व्हायब्रेशन टिंग म्हणतं का?" तो म्हणाला, "लाइन खराब आहे," आणि फोन ठेवला.

सोमवार उजाडला. समितीचे नऊ जण भिंतीला पाठ लावून, दाराच्या जवळच्या खुर्च्या आधी धरून बसलेले. मी गोदामातून टाइपरायटरही आणवला. त्याचा कागद सरकवणारा गाडा सुतळीनं करकचून बांधलेला, रिबन वाळून काथ्या झालेली. साक्षीदार म्हणून तो टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी अण्णांना समोर बसवलं. "दोन्ही हात टेबलावर, अण्णा. हलवायचे न्हाईत."

"तंबाखू?"

"तीबी न्हाय!"

तीनला पाच कमी. मशीन चालू केली. खर्रर्र! मी प्रिंटर बंद केला, खर्रर्र चालूच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला आणि मूठ कानाला लावून एकेक कोपरा ऐकला, मोटार मेकॅनिक इंजिन ऐकतो तसा. मागच्या पंख्याशी आवाज मोठा झाला. मशीन बंद केली, प्लग काढून हातात घेतला आणि झाकण उघडलं.

पंख्याच्या पात्यांत, हळदीनं पिवळे झालेले, तांदळाचे दाणे.

ते तळहातावर घेऊन मी अध्यक्षांच्या नाकापुढं धरले. "साहेब, ही करणी. आणि करणाराही ओळखीचा आहे!"

असा हशा पिकला, अशा टाळ्या पडल्या म्हणता! अध्यक्षही ओशाळून हसले. मी छाती फुगवून उभा, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात प्लग…

टक टक टक टक…

हसणं जागच्या जागी थांबलं.

टक टक… थांबा… टिंग!

प्लग माझ्या हातात होता. झाकण उघडं होतं, पंखा निश्चल. टाइपरायटरची सुतळी जशीच्या तशी. आणि अण्णांचे दोन्ही हात नऊ माणसांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पालथे. आवाज चालूच. दोन ओळी झाल्या, तिसरी सुरू झाली. मग अध्यक्षांनी एकच विचारलं आणि अण्णांनी जे उत्तर दिलं, त्यावर विषय मिटला. राजीनामा राहिला, लिंबूही राहिलं. अण्णा दोन वर्षांनी मानानं, हार घालून घेऊन निवृत्त झाले.

आवाज त्या दिवसानंतर आला नाही. मी मात्र ती मशीन पुढं तीनदा पार खोलली. भिंत ठोकून बघितली, छतावर चढलो, शेजारच्या खोलीत दुपारभर कान लावून बसलो. पुढं सगळी नोकरी कॉम्प्युटर दुरुस्त करण्यातच गेली. खर्रर्र म्हणजे अक्षता, हे छातीठोक सांगतो. टक टक आणि टिंग म्हणजे काय… माहीत नाही. भूत म्हणणार नाही, मेलो तरी म्हणणार नाही. पण माहीत नाही!

हां, ते उत्तर राहिलंच. अध्यक्षांनी विचारलं होतं, "अण्णा… खरं सांगा, हे तुमीच टाइप करताय न्हवं?"

अण्णा टेबलावरचे हात तसूभर न हलवता, कान टवकारून ती तिसरी ओळ संपेपर्यंत ऐकत राहिले आणि भडकून म्हणाले, "म्या असतो तर एवढ्यात कागद तुमच्याम्होरं सहीला आला असता!"