आत्याचं लिहायचं राहून गेलेलं गाणं

आत्याला लिहिता येत नव्हतं. गाणी तिला भांगलण करता करता, पिकातलं तण काढता काढता सुचायची. एप्रिलातली जयंती जवळ आली, की गडमुडशिंगीच्या आमच्या बौद्ध वस्तीत ती रानातून आल्या आल्या हाक मारायची, "मी सांगतो, तू लिव्ह." मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते. पायरीवर बसून मी लिहून घ्यायचे आणि गाताना ती अडली, की वहीतली पुढची ओळ सांगायचे. पोरींना शिकवा, दारू सोडा, भावकीतली भांडणं मिटवा, असलं सगळं तिच्या गाण्यांत असायचं. ढोलकीला गावातलेच एक चाचा. त्यांचा धंदा गाद्या भरायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी दंगलींच्या बातम्या येत होत्या. गावात काही झालं नव्हतं, पण माणसं जपून बोलायला लागली होती. जयंतीच्या सकाळी चाचा आले नाहीत. आत्या मला घेऊन थेट त्यांच्या दारात.

"येणार न्हाईस व्हय?"

"अक्का, यंदा नगं. कोन काय बोललं तर?"

"बोलू दे की! गानं तुझ्यावरच केलंय. तूच न्हाईस तर म्हनू कुनाफुडं?"

चाचा आले. मिरवणूक मशिदीच्या कोपऱ्यावर पोचल्यावर आत्यानं आवाज लावला,

"तुझी गादी, माझी भाकर, दोन्ही लागं मानसाला
जात इचारून झोप येती का रं सांग कुनाला?"

कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या मौलवींनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

पुढं मी गडहिंग्लजला शिक्षिका झाले. जयंतीला गावी यायचे. सूत्रसंचालन माझ्याकडं, कार्यक्रमाची यादीही मीच करायचे. दोन हजार सालानंतर एका वर्षी मंडळाच्या पोरांनी डॉल्बी ठरवली. "म्याडम, आत्याची गानी लई स्लो हाईत. लोकं उठून जात्यात."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या शाळेतले शिक्षक पाहुणे म्हणून येणार होते आणि त्यांच्यासमोर आत्याच्या बोलीची मला लाज वाटत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यादीत मी तिचं नाव घातलं नाही.

आदल्या दिवशी ती आली. "नवं गानं झालंय. लगीन मोडून शिकाय गेलेल्या पोरीचं हाय. लिव्हून घे."

"जयंती होऊ दे. मग निवांत बसू."

"मग उद्या म्हनू कसं?"

मी कागद चाळत राहिले. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती मंडपात आली. चाचा ढोलकी घेऊन आले होते. डॉल्बीनं पायाखालची जमीन हादरत होती. दोघं कडेच्या खुर्च्यांवर शेवटपर्यंत बसून राहिली.

त्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी रजा काढून तिच्याजवळ वही घेऊन बसले. "ते नवं गाणं म्हण की." तिनं तोंड उघडलं. चाल स्वच्छ कळत होती, शब्द एकही नव्हता. मी अंदाजानं शब्द सुचवत गेले. प्रत्येक शब्दाला ती मान हलवायची, न्हाय, न्हाय. शेवटी दमून तिनं डोळे मिटले.

तशीच मी चाचांकडं गेले. निदान त्यांना तरी म्हणून दाखवलं असेल.

चाचा गादीत कापूस भरत होते. हात थांबवून म्हणाले, "न्हाय गं. मी लई मागं लागलो. 'आत्ता नगं,' म्हनाली, 'स्टेजवरच ऐक.'"