पाच पायऱ्यांचा सौदा

नगरहून आमची लॉरी सकाळी सहाला निघायची होती. ती निघाली साडेआठला, कारण आमच्या मंडळाचे चिटणीस असलेल्या वकीलसाहेबांचे धोतर परटाकडून आले नव्हते. डॉक्टर आणि ओव्हरसियर माझ्या दुकानापुढे चहा पीत बसले होते. मी मात्र लॉरीच्या मागच्या भट्टीत कोळसा भरत होतो. लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळे आणि तेही पुरत नसे, म्हणून मी गेल्या वर्षी लॉरीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली होती. ती पेटायला अर्धा तास लागतो आणि विझायला एक खड्डा पुरतो.

आमच्या तरुण सेवा मंडळाला त्या अक्षय्यतृतीयेला वर्ष पुरे होत होते. 'आमच्या' म्हणतो खरा, पण मंडळाच्या नियमाप्रमाणे सभासद फक्त पदवीधर किंवा सनदधारक. वकील, डॉक्टर, मास्तर, ओव्हरसियर हे सभासद. मी चौथी शिकलेला. भिंगारच्या छावणीबाहेर पडलेले घोड्यांचे गंजके नाल डोक्यावर वाहून विकले, त्यातून जुन्या लोखंडाचे दुकान काढले, दुकानातून लॉरी घेतली. वर्षभर जत्रांतून पटकीची लस टोचायला डॉक्टरांना कुणी नेले? माझ्या लॉरीने. पाच गावांच्या शाळांना बाके कुणी पोचवली? मी. आणि कागदावर मी कोण, तर 'साहाय्यक'. मंडळाचा फोटो काढताना वकीलसाहेब म्हणाले, "अहो, लॉरी जरा बाजूला घ्या, सावली पडतेय." मी लॉरीसकट बाजूला झालो. तेव्हापासून माझ्या पोटात एक निखारा होता आणि तो भट्टीतल्या कोळशापेक्षा बरा पेटत होता.

काम होते सोनईच्या पुढे दोन कोसांवर, बोरीची वाडी नावाच्या लहान गावात. तिथली विहीर पायऱ्यांची. लोक घागर घेऊन पाण्यात गुडघाभर उतरत आणि तेच पाणी पीत. त्यातून नारू होतो. पायाला फोड येतो, फुटतो आणि आतून सुतासारखा किडा महिनाभर बाहेर येत राहतो. डॉक्टर म्हणत, यावर औषध एकच, पायऱ्या बंद करून वर कठडा आणि रहाट बसवणे. मंडळाचे लोक त्यासाठी माझ्याशिवाय दोनदा वाडीला जाऊन हात हलवत परत आले होते. ही तिसरी आणि शेवटची खेप. चैत्र-वैशाखात पाणी तळाला असते, तेवढ्या दिवसांतच भिंत उभी राहू शकते. पाऊस पडला की पुढच्या वर्षापर्यंत गावाने नारू पीत राहायचा. लॉरीत मी माझ्या दुकानातले चार लोखंडी रहाट टाकले होते.

जेऊर मागे पडले. इमामपूरचा घाट आम्ही आरामात उतरलो, कारण उतरायला गॅस लागत नाही. खाली सगळा माळ तापून पांढरा पडला होता. बाभळीच्या सावलीत शेळ्यासुद्धा दाटीवाटीने उभ्या होत्या. घोडेगावात शिरताच गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. भट्टीची जाळी राखेने बुजली होती. ती निवेपर्यंत हात लावता येईना.

योगायोगाने गुरांचा बाजार भरलेला होता. वकीलसाहेबांनी सावली धरली, मी बाजारात घुसलो. सौदा कुठे चालला असेल तर मला बसवत नाही. खिलारी बैलांच्या एका जोडीभोवती घोळका जमला होता. दोन माणसांनी उपरण्याखाली हात घातले होते. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटे दाबायची, जेवढी बोटे तेवढा आकडा, सगळा पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला फक्त चेहरे दिसतात. व्यापाऱ्याचा चेहरा घामाने निथळत होता. दुसरा चेहरा एका बाईचा होता.

पन्नाशी उलटलेली, कपाळ मोकळे, डोक्यावर पदर घट्ट. तिने एकदा मान हलवली, व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला आणि बाईची जोडी विकली गेली. मी शेजारच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ठकूबाई हाय ती, बोरीच्या वाडीची. नवरा गेल्यापास्नं सोताच बाजार करती. हिच्या उपरन्यात हात घालायचा म्हंजी घरी सांगून यावं मानसानं!"

बोरीची वाडी ऐकताच मी पुढे झालो. "बाई, आम्ही तुमच्याच गावाला निघालोय. लॉरीत जागा आहे."

तिने लॉरीकडे पाहिले. "ती व्हय? धूर लई सोडती. गाडी हाय का कुनाचा सैपाक चाललाय आत?"

"सैपाक होईपर्यंत तुम्हाला पोचवतो."

"चला मग. पर फुकाट न्हाई बसनार. भाकरी माझी."

जाळी साफ करून तासाभराने निघालो. वाटेत तिने फडके सोडले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. वकीलसाहेबांनी 'नको, नको' म्हणत दीड भाकरी खाल्ली. खाताना तिने डावा पाय पसरला. पोटरीवर नारूच्या तीन जुन्या खुणा होत्या. डॉक्टरांनी त्या पाहिल्या आणि विहिरीचा विषय काढला.

ठकूबाईचा हात थांबला. "तुमी ते विहीर बुजवनारे?"

"बुजवणारे नाही, पायऱ्या बंद करणारे."

"एकच की." तिने उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मला मात्र एक गोष्ट कळली. एवढा नारू सोसलेली बाई पायऱ्या सोडायला तयार नाही, म्हणजे या मालाची किंमत वेगळीच कुठेतरी आहे.

वाडी चाळीसेक घरांची. विहीर मात्र देखणी, घडीव काळ्या दगडाची, खाली जाणाऱ्या चोवीस पायऱ्या. ओव्हरसियर आत उतरून, भिंतीवरचा पाण्याचा जुना डाग बघून वर आले आणि माझ्या कानात म्हणाले, "भर पावसाळ्यातही पाणी वरून आठव्या पायरीच्या वर येत नाही. वरच्या सात राहिल्या तरी चालतील. त्याखाली भिंत पाहिजेच." मी म्हणालो, "सात हा आकडा आता विसरा. कुणाला सांगू नका, वकिलांना तर नाहीच."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर लोक जमले. पाटील म्हणाले, रहाटाला दोर कुठून आणायचा? दुसरा म्हणाला, कोंडलेल्या पाण्याला वास येईल. वकीलसाहेबांनी प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिले. उत्तरे सगळी बरोबर होती आणि एकाचाही चेहरा हलत नव्हता. दोन खेपांना हेच झाले असणार. शेवटी वकीलसाहेबांचा आवाज चढला. "लक्षात ठेवा, सरकारने मनात आणले तर कायद्याने तुम्हाला भाग पाडू शकते!"

पाटील उठले. त्यांच्यामागे सगळा पार उठला.

माझा तोल गेला. अख्ख्या गावादेखत मी ओरडलो, "वकीलसाहेब, कोर्ट आहे का हे? माल बघायला आलेल्या माणसाला फौजदाराची भीती घालतात का? वर्षभर तुमचे भाषण मी माझ्या लॉरीतून वाहून नेले, आज ते इथेच उतरवून ठेवा!"

वकीलसाहेब लालबुंद झाले. उठलेले लोक थबकले. पलीकडून, बायकांच्या घोळक्यातून, ठकूबाईचे हसू ऐकू आले.

"शेट, तुमी आपल्याच मानसाला बडवताय, मग आमी काय करायचं?"

मी तिच्याकडे वळलो. "बाई, दोर आणि वास हे सगळे वरवरचे आहे. तुमच्या पायावर तीन नारू आहेत. पायऱ्या कशासाठी पाहिजेत ते सांगा, नाहीतर मी रहाट घेऊन आत्ता परत जातो."

ठकूबाईने पाटलांकडे पाहिले, मग सांगितले. वाडीत नवी नवरी आली की पहिल्या दिवशी सासू, मग ती विधवा का असेना, तिला हाताला धरून पायऱ्या उतरवते. नवरी पाण्याला हळदकुंकू वाहते, हात बुडवते आणि मग घरात येते. पाण्याला हात लावला नाही ती नवरी घरची होत नाही. तिच्या धाकट्याचे लग्न अक्षय्यतृतीयेला होते. "माझ्या सासूनं मला उतरवली. मी थोरलीला उतरवली. आता धाकटीला काय सांगू? रहाटाला हात जोड?"

एवढेच होते. दोन खेपा भाषणे झाली आणि हे कुणी विचारले नव्हते. गावानेही सांगितले नव्हते, कारण शहरातल्या लोकांपुढे ते सांगायची लाज वाटत होती.

मी म्हणालो, "वरच्या काही पायऱ्या ठेवू. शेवटच्या पायरीवर दगडाची डोणी बसवू, पाणी धरेल अशी कोरलेली. तिच्यात रहाटाने विहिरीचेच पाणी ओतायचे. नवरी उतरेल, पाण्याला हात लावेल."

डॉक्टर पटकन म्हणाले, "पण डोणीतले पाणी परत विहिरीत जाता कामा नये." ओव्हरसियर म्हणाले, "उतार बाहेर काढतो. पन्हळीने झाडाला जाईल."

ठकूबाई विचार करत होती. "किती पायऱ्या?"

"बोलून सांगू?"

तिने थोरल्या मुलाचे उपरणे मागून घेतले आणि पारावर बसली. माझ्या आयुष्यात हजार सौदे झाले, पण पायऱ्यांचा हा पहिला. उपरण्याखाली तिने माझा पंजा तीनदा दाबला. पंधरा. मी तिचे एक बोट धरले. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला मेलेली म्हैस विकतोय. पुन्हा दोन पंजे आणि दोन बोटे. मी दोन. "मानूस हाय का चिकटा?" ती मोठ्याने म्हणाली आणि गाव हसले. दहा. मी हात काढून घ्यायचा आव आणला, तिने मनगट धरून ठेवले. नऊ. तीन. आठ. इथे मात्र मला घाम फुटला. आठवी पायरी दिली तर पाणी शिवणार आणि सगळे मातीत जाणार. मी चेहरा दगडाचा केला आणि चारच बोटे दाबली. तिने माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली. मागे कुणीतरी खोकले. मग तिने माझा पंजा एकदाच, सावकाश दाबला.

पाच.

"झाला!" मी ओरडलो. ठकूबाईने उपरणे उडवले. पाटलांनी दोघांच्या हातावर गूळ ठेवला आणि आता गावात कुणी 'न्हाई' म्हणायचा प्रश्नच उरला नाही. सौदा मोडणे वाडीला विहीर बुजण्याहून वाईट.

नऊ दिवस हातात होते. सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हते, म्हणून चुन्याची घाणी लावली आणि ती ओढायला ठकूबाईच्याच गोठ्यातला दुसरा बैल आला. वाडीच्या टेकाडावरून दगड मी लॉरीने आणला. तिसऱ्या दिवशी कोळसा संपला तेव्हा गावाने बाभळीचा कोळसा पाडून दिला. वडार भिंत रचत होते, डॉक्टर सकाळी नारूचे पाय बांधत आणि दुपारी चुना कालवत. वकीलसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धोतराचा काचा मारला आणि ते दगडांच्या रांगेत उभे राहिले. माझ्या हातात दगड देताना म्हणाले, "रंगनाथराव, धरा." वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली. माझा राग गेला असे मी म्हणणार नाही, पण दगड मी नीट धरला. रात्री सगळे एका पंक्तीला माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) पिऊन अंगणात आडवे होत असू.

आठव्या दिवशी चौथा रहाट बसला. कुरकुरत फिरला, घागर वर आली आणि पाणी असे नितळ की डॉक्टर नुसते पाहत राहिले. आता कुणाचाही पाय त्या पाण्यात उतरू शकत नव्हता. वकीलसाहेबांनी टोपी हवेत फेकली, ती कठड्यावर पडली आणि पोरींनी टाळ्या पिटल्या.

अक्षय्यतृतीयेला वऱ्हाड आले. ठकूबाईने स्वतः रहाट ओढून पहिली घागर काढली आणि डोणी भरली. मग नव्या सुनेचा हात धरून ती उतरली. एक, दोन, तीन, चार, पाच. हिरव्या चुड्याचा हात पाण्यात बुडाला, हळदकुंकू तरंगले, डोणीतून सांडलेले पाणी पन्हळीने बाहेर गेले. वाजंत्री वाजू लागली. सासू वर आली ती पदराने डोळे टिपत.

परतीची लॉरी मी स्वतः पेटवली. निघताना ठकूबाई जवळ आली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "शेट, आता सांगते. मी तीनावर राजी झाले असते."

दोन पायऱ्या! मी भट्टीचे झाकण आपटून बंद केले आणि गाडी सोनईच्या वाटेला लावली. इमामपूरचा घाट चढताना गाडी दमली, ओव्हरसियरना चाकावर बसवून आम्ही तिघांनी खाली उतरून खांदा दिला. ढकलता ढकलता मला हसू फुटले. वकीलसाहेबांनी कारण विचारले, मी सांगितले नाही.

नगरात आल्यावर पुष्कळांनी विचारले, वर्षभराच्या सेवेत तुम्हाला काय मिळाले. मी सांगतो, एका गावाला स्वच्छ पाणी मिळाले आणि मला माझ्या तोलाचा एक सौदागर भेटला. वाडीत ठकूबाई आजही सगळ्यांना सांगत असेल की नगरच्या शेटला तिने दोन पायऱ्यांनी लुटला. सांगू दे. मी सातापर्यंत चढलो असतो, हे मी तिला कधीच कळू देणार नाही.