बद्द वाजणारा दगड

पाचोडच्या पंचक्रोशीत विहीर खोदताना कडूबानं आधी उतरून दगड ठोकल्याशिवाय कुणी खाली जात नसे. पहारेखाली दगड खणखणला की तो पक्का. बद्द वाजला की आतून सुटलेला. कधी अंगावर येईल नेम नाही. वीस वर्षांत त्याच्या शब्दावर उतरलेला एकही माणूस दगावला नव्हता.

पण वीस वर्षं सुरुंगांचे बारही त्याच कानांनी ऐकले होते. यंदा त्याला प्रत्येकच दगड बद्द ऐकू येऊ लागला. दोष दगडाचा की कानाचा, कळेना. म्हणून तो रोज काम थांबवायचा. मग दुसरं कुणी ठोकून बघायचं, आणि दगड पक्का निघायचा.

"मामाला देवळातली घंटाबी बद्दच वाजती," भाचा मुंजाबा म्हणायचा. सगळे हसायचे.

शेवटी पुन्हा ठोकून बघणंही बंद झालं.

त्या मंगळवारी कडूबा वर आला तो घामानं भिजलेला. "मुंजा, नको उतरू. कड सुटलीय."

"मामा, काल बी हेच म्हणला."

"आज लई बद्द वाजली रं."

"अन् काल कशी वाजली व्हती?"

कडूबाला खोटं बोलता येईना. कालही तशीच वाजली होती. त्यानं धरलेला हात सोडला. मुंजाबा क्रेनच्या बादलीत बसून खाली गेला.

दुपारी कड ढासळली.

तिसऱ्या दिवशी बहीण दगडाबाईनं विचारलं, "भाऊ, तू त्याला सांगितलं नव्हतं का रं?"

"सांगितलं व्हतं, अक्का," कडूबा म्हणाला. "रोजच सांगत व्हतो."