जाकीट कुणाकडे द्यायचं

डोंगर उतरण्याच्या शर्यतीसाठी मी परदेशात जाणार हे कळल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, "का गं, आपल्याकडं डोंगर न्हाईत व्हय?"

डोंगर होता. संगमनेरच्या पठार भागातल्या आमच्या गावामागेच होता, उघडा आणि मुरमाड. मी सगळं तिथंच शिकले. कॉलेजात मुलींना खेळ शिकवायला जाण्याआधी सकाळी सायकल खांद्यावर घेऊन वर चढायचं आणि खाली सुटायचं. डाउनहिल म्हणजे तेवढंच. पायडल फारसं मारायचं नसतं. दगड, खळगे, उड्या घेत, चाक सुटू न देता, कमीत कमी वेळात पायथा गाठायचा. गावात हे करणारी मी एकटीच. बघायला कधी मेंढरं असायची, कधी तीही नसायची. त्यामुळे एकटीनं जायचं म्हटल्यावर मला काही वाटलं नाही. एकटेपणाची सवय आहे, असं मी समजत होते.

देशातल्या शर्यतींत दोनदा बरा नंबर आला, म्हणून इंडोनेशियातल्या एका शर्यतीत प्रवेश मिळाला. अब्बा दुधाचा टँकर चालवतात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर बसून सायकल खोलली, चाकं काढली, हँडलला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला आणि सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून सुतळीनं आवळलं. ते कमी बोलतात.

शर्यतीचं गाव चहाच्या मळ्यांमध्ये होतं आणि रोज दुपारी पाऊस पडत होता. माती काळी, लोण्यासारखी मऊ. वाटेवर आडवी-तिडवी झाडांची मुळं, ओली आणि गुळगुळीत. आमच्या अख्ख्या डोंगरावर मोजून चार बाभळी. ओल्या मुळांवरून सायकल कशी न्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकायला जागाही नव्हती.

सरावाच्या आधी सगळे स्पर्धक मार्ग पायी उतरून बघतात. चाक कुठून घालायचं ते ठरवतात. बाकीचे चार-पाच जणांच्या घोळक्यानं चालले होते, त्यांचे प्रशिक्षक बोटं दाखवत होते, हुज्जत चालली होती. मी एका घोळक्याच्या मागे जरा अंतर ठेवून चालू लागले. ते थांबले की मी थांबायची. ते ज्या मुळाकडे बघत, त्याच मुळाकडे मी बघायची. बोलणं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांच्यातल्या एकीनं वळून पाहिलं, तेव्हा मी खाली वाकले आणि बुटाची बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधली.

सरावात पहिल्याच फेरीत पडले. डाव्या हाताचा अंगठा सुजला. खोलीवर येऊन दातांनी चिकटपट्टी तोडून एका हातानं तो बांधला. एवढ्यात अम्मीचा फोन आला. चेहरा दिसणारा फोन होता, म्हणून मी हात खाली धरला.

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"भात."

"रोज भातच?" मग तिनं विचारलं, "तिथं आपली मानसं हायेत ना गं जवळ?"

"हायेत की," मी म्हणाले.

खोटं नव्हतं म्हणा. पाचही वेळची अजान खिडकीतून ऐकू यायची. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या घरमालकीणबाई नमाजला निघाल्या की मला खुणेनं बोलवायच्या आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहायची. पण नमाज झाली की त्या बायकांच्या गप्पा सुरू व्हायच्या. मी हसून मान हलवत बसायची. मान हलवून हलवून दुखायला लागायची, मग मी उठायची.

शर्यतीच्या दिवशी ट्रकनं आम्हाला वर नेलं. वर बांबूचा एक छोटा मांडव होता आणि तिथून एकेकाला सोडत होते. वारा गार होता, म्हणून सगळे जाकीट घालून रांगेत उभे. नंबर आला की जो तो जाकीट काढून शेजारच्याच्या हातात द्यायचा. कुणाचा मिस्त्री, कुणाचा भाऊ, एकीची आई होती. मी पुढे पुढे सरकत होते आणि माझ्या डोक्यात उतार नव्हता, मुळं नव्हती. जाकीट कुणाकडे द्यायचं, एवढंच घोळत होतं.

माझा नंबर आला. वेळ सांगणाऱ्या माणसानं माझ्या बाजूला पाहिलं, मग मागे पाहिलं.

"टीम?" त्यानं विचारलं.

"नो टीम," मी म्हणाले.

त्यानं जाकीट घेतलं, बांबूला अडकवलं आणि आकडे उलटे मोजायला लागला.

वरचा अर्धा मार्ग मी चांगली आले. उड्या मला जमतात. खालच्या झाडीत शिरले आणि ब्रेक घट्ट धरले. धरू नयेत हे माहीत होतं, तरी धरले. पुढचं चाक मुळावरून सरकलं आणि मी कुशीवर पडले. उठले, सायकल उचलली, खाली आले. शेवटून दुसरी. शेवटच्या रेषेपाशी लोक आपापल्या माणसाला मिठ्या मारत होते. मी त्यांच्यातून वाट काढून कडेला गेले आणि हेल्मेट काढलं.

थंडी वाजायला लागली तेव्हा जाकीट वर राहिल्याचं लक्षात आलं. ट्रक बंद झाले होते. मार्गाच्या कडेनं चालत वर निघाले. मी पडले होते ती जागा लागली. मातीत माझ्या कोपराचा खळगा होता. हातभर डावीकडून बाकी सगळ्यांच्या चाकांचा एकच सरळ पट्टा गेला होता. मुळांना न शिवता. इतकं सोपं होतं ते. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. तुझी वाट चुकली, असं ओरडून सांगणारं तरी कुणी असतं तर, असं वाटलं. वर पोचले तेव्हा मांडव उतरवून झाला होता. जाकीट तेवढं एका खांबावर होतं, ओलं. ते पिळून तसंच अंगात घातलं.

पुण्याला अब्बा ओळखीच्याचा टेम्पो घेऊन आले होते. खोकं मागे चढवलं आणि आम्ही निघालो. अम्मीनं फोनवर नंबर विचारला, मी सांगितला, ती म्हणाली, "असू दे." मंचर गेलं, आळेफाटा गेला. घरी जायला घारगावापाशी आत वळायचं होतं, पण टेम्पो आधी संगमनेरला परत द्यायचा होता, म्हणून सरळ गेलो. चंदनापुरीचा घाट उतरताना अब्बांनी गिअर खाली टाकला आणि पुढं बघतच विचारलं, "ब्रेक तापले व्हते का?"

परत आल्यापासून मला कुणी विचारलेला तो पहिला नेमका प्रश्न होता.

"व्हय," मी म्हणाले. "झाडीत सारखे धरून ठेवले."

"भ्यालीस."

"व्हय."

त्यांनी एक वळण काढलं. "टँकर भरल्याला असला ना, की मलाबी तसंच व्हतं," मग म्हणाले. "ब्रेकवरनं पाय उचलतच न्हाई. पहिली दोन वर्षं तर घाट उतरला की कडंला गाडी लावून बसायचो."

"घरी कधी सांगितलं नाही तुम्ही."

"कुनाला सांगायचं? केबिनीत कोन असतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या जन्माआधीपासून ते एकटेच या घाटातून खाली येत होते आणि हे मला आजवर सुचलंही नव्हतं. मग मी त्यांना मुळांचं सांगितलं, काळ्या मातीचं सांगितलं, हातभर डावीकडच्या त्या पट्ट्याचं सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच एकदा माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "हे अम्मीला दिसायच्या आत दवाखान्यात जाऊ."