ताईच्या कॅप्सूल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

मी मुळातच संशयी. दूधवाला हसला तरी वाटतं, आज पाणी जास्त घातलंय. सावनेरची माझी मोठी बहीण कमरेवर नागीण उठली म्हणून आमच्याकडे शहरात, महाल भागात राहायला आली, तेव्हा धंतोलीतल्या डॉक्टरांकडेही मी त्याच नजरेनं पाहिलं. फोड सुकले, पण आग जाईना. ताईला पदराचा स्पर्शही सोसेना. डॉक्टरांनी नवी कॅप्सूल लिहून दिली. औषधाच्या दुकानात मी विचारलं, कशाचं आहे हे? दुकानदार सहज म्हणाला, "फिटचं."

फिटचं? ताईला कधी फिट आली होती? तडक दवाखान्यात परत गेलो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं — औषध जुनंच, निघालं फिटसाठी, पण नागिणीनंतरची नसांची आगही त्यानं कमी होते. मी मान डोलावली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पण त्याच महिन्यात माझ्या मुलीला बघायला माणसं येणार होती. त्यांच्यातल्या कुणी डबीवरचं नाव वाचलं तर? ताई भोळी, विचारलं की सगळं सांगून मोकळी होणार. "घराण्यात फिट आहे म्हणे" — आपल्याकडे एवढं पुरतं, नाही का?

मी त्या कॅप्सूल फेकल्या. तशाच दिसणाऱ्या, ताकदीच्या म्हणून मिळतात त्या आणल्या. आणि रोज माझ्या हातानं ताईला दिल्या.

मुलीचं लग्न जमलं. ताईची आग तशीच. "तू एवढं करून राहिला गा माह्यासाठी," ती म्हणायची, "मंग हे काहून जाऊन नाही राहिलं?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, औषध वेळेवर घेतात ना? मी म्हणालो, एकदाही चुकलं नाही. ते बुचकळ्यात पडले. मग मी — हेच सांगायला इतका फिरून आलो — मी म्हणालो, "तिला लहानपणापासून थोडं वाढवून सांगायची सवय आहे."

डॉक्टरांनी ते औषध बंद केलं. ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं.

त्या दिवसानंतर दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. आता सावनेरला असते. फोनवर विचारलं की म्हणते, "बरं हाये गा." ती खोटं बोलते, हे मला कळतं. मी पुढे काही विचारत नाही.